घरातल्या काट्यावर कारवाई

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत (हे रीतीप्रमाणे, खरी परिस्थिती खाली देतो). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो.

तर गोष्ट कॉफीची. माझी कॉफी काढ्यासारखी लागते, हे तुमच्या भाचेसुनेचं नऊ वर्षांचं म्हणणं. गेल्या महिन्यात तिने निर्वाणीचं सांगितलं, की सकाळचा एक तास आपण समोरासमोर बसतो आणि तोही तोंड वाकडं करण्यात जातो. यापुढे मी वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कॉफी पिईन. हे मला फार लागलं, म्हणून ग्राइंडर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, पात्याचा ग्राइंडर बिया नुसत्या तोडतो, निम्मी पूड आणि निम्मी खडी. पूड कडू उतरते, खडी पाणचट. त्यापेक्षा जात्यासारखा, दोन दातेरी चाकांत दळणारा घ्या, सगळं एकसारखं पडतं. आता एकसारखं हा शब्द माझ्यासारख्या वजनमापे निरीक्षकासमोर जपून वापरावा. मी ऑफिसातल्या चाळण्या आणून तीन ग्राइंडरांची पूड दुकानातच चाळली (सुरुवातीला मागे रांग होती, नंतर नव्हती) आणि हाताने फिरवायचा एक पास केला.

घरी दळण जाड-बारीक करायचं चाक रोज एक खाच सरकवत गेलो. चौदाव्या दिवशी तिने कप रिकामा करून पुन्हा पुढे सरकवला. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण पंधराव्या दिवशी, नोंद पक्की करावी म्हणून, तुम्ही निरीक्षकपदावरून निवृत्त होताना मला दिलेल्या शंभर ग्रॅमच्या पितळी वजनाने मी स्वयंपाकघरातला काटा तपासला. त्याने साडेअठ्ठ्याण्णव दाखवले. घरचा म्हणून गय करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. काटा जप्त केला. ग्राइंडरमधल्या बिया त्याच काट्यावर मोजलेल्या, म्हणजे तोही पुरावा. दोघांना मिळून तार गुंडाळली, शिशाचं सील ठोकलं आणि पंचनाम्यावर सही करायला बायकोला हाक मारली. ती रिकामा कप घेऊन उभी होती.

“कारवाई करायचीच होती, तर कॉफी पिऊन करायची,” एवढंच म्हणाली आणि वर गेली. चार दिवस वरच पिते आहे. डॉक्टरीणबाईंचा ग्राइंडर पात्याचा आहे, हे छतातून ऐकू येतं.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता.क. : सील वरिष्ठानेच तोडायचं असा नियम आहे, आणि या घराण्यात मला वरिष्ठ तुम्हीच. रविवारी पक्कड घेऊन यावं.

ता.क. दुसरा : पक्कड नको. आज सकाळी तिने तार नेलकटरने तोडली, सील माझ्या बशीत ठेवलं आणि शेजारी कॉफी. हा गुन्हा आहे हे मी सांगणारच होतो, पण आधी दोन कप प्यालो. आता आरोपी दोघं आहोत.

ता.क. तिसरा (वाचून पत्र फाडा) : तुमचं वजन ऑफिसात तपासलं. तीस वर्षं हाताळून झिजलंय, साडेअठ्ठ्याण्णवच भरतं. काटा खरा होता. तिला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी दुपारी ती बाहेर असते, तेवढ्यात येऊन वजन गुपचूप घेऊन जा. त्या वजनावर तुम्ही पकडलेल्या दुकानदारांबद्दल मी काही विचारणार नाही. फक्त कॉफी कशी झाली हे विचारेन, तेव्हा चांगली म्हणा.