खोली नंबर तीनची भरणी

परळ, १० मे

प्रिय अपेक्षा,

वर्षभरानं बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि तुझी आई मध्येच फोन हिसकावते, म्हणून लिहितोय.

पावसाळ्यात हिंदमाताच्या चौकात तुंबलेलं पाणी चाळीत शिरायचं तेव्हा मी काय करायचो, आठवतं ना? दर मे महिन्यात उंबऱ्यावर विटेचा एक थर आणि जमिनीवर डेब्रिजची, म्हणजे पाडकामाच्या विटा-मातीची भरणी. माझं बघून तळमजल्यावरच्या इतरांनी केली, बऱ्याच जणांना मीच करून दिली. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, चाळीत माझा शब्द चालायचा. शेवटी जमीन इतकी वर आली की आपल्याच दारातून वाकून आत यावं लागायचं, पण मला त्याचाही तोराच होता.

गेल्या वर्षी तू भर मीटिंगमध्ये सांगितलंस, की आपली चाळ भरावाच्या मऊ जमिनीवर आहे, ती खचतेय, आणि बाबांच्या भरणीच्या ओझ्यानं आणखी खचतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवून इंजिनिअर केलेली पोर चार लोकांत बापाची अक्कल काढते, एवढंच मला दिसलं. तू निघालीस तेव्हा मी पाठ फिरवून बसलो.

दिवाळीनंतर मी गुपचूप लेव्हलची नळी काढली. पाणी भरून, बांधकामाच्या वेळी सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एकाच उंचीला काढलेला पट्टा तपासला. कमळाबाईंच्या खोलीपेक्षा आपल्याकडे तो तीन बोटं खाली निघाला. त्यांनी कधीच भरणी केली नव्हती. दारात बसून त्या सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "चेडवाक एवढा शिकवलंस, मगे तेचा ऐकूक काय झाला?" पोरीचं ऐकायला काय झालं, हे स्वतःलाच विचारत मी नळी गुंडाळली.

मग मी पहिली कुदळ आपल्याच तीन नंबरच्या खोलीत मारली. आता सगळ्यांची भरणी निघाली आहे. तू म्हणाली होतीस तसंच, यंदा पाऊस लागला की तळमजला रिकामा करायचा. वरच्या मजल्यांनी खालचं एकेक कुटुंब वाटून घेतलंय, आपण वरच्या शैलाकडे. ही अक्कल कुणाची, असं कुणी विचारलं की मी तुझं पूर्ण नाव सांगतो, मधलं माझं नाव जरा मोठ्यानं.

चाळीचं पुढे काय करायचं ते समजावून सांगायला रविवारी चाळीनं तुलाच बोलवायचं ठरवलंय. निरोप सेक्रेटरी देणार होते. मी म्हटलं, थांबा, मला आधी माफी मागायची आहे. पोरी, माझं चुकलं. आपलं दार पुन्हा पूर्ण उंचीचं झालंय. आत येताना वाकू नकोस. मी पहिल्या रांगेत बसेन.

तुझाच हट्टी,
बाबा