डावीकडे आणलेल्या ओळी

दि. ९ ऑक्टोबर, सकाळ

चि. खारूताईस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाई आता काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जातात हे वाचून जीव भांड्यात पडला. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो त्याचा जुना स्वभाव. खिडकीतल्या वेलीला नवं पान फुटतंय. ते उलगडताना बघत बसतो. दुसरं काम काय आहे मला?

तर काम तूच पाठवलंस. मुलांना संगणकाची भाषा शिकवणाऱ्या तुझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचं बाड काल पोचलं. वर तुझी चिठ्ठी: ‘मामा, या वेळी छापखाना नवा बघितलाय. प्रोग्रामच्या चौकटी तू सांभाळ. तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही.’ वाचलं आणि बाड पलंगाखाली सरकवलं. संध्याकाळी बाहेर काढलं, परत सरकवलं.

तुला आपला सातवीचा वर्ग आठवतो का गं? खिडकीशी तुझा बाक, फळ्यावर कविता उतरवणारा मी, सगळ्या वर्गात खडूचा वास. मी ओरडायचो, “कडव्याची दुसरी ओळ दोन बोटं आत! ती पहिलीच्या कुशीत असते.” तू एकदा विचारलंस, “मामा, कुणाची बोटं? माझी की तुमची?” सगळा वर्ग खिदळला. वर्गात मामा म्हटल्याबद्दल तुला उभंही केलं होतं मी. पोरांनी पूर्ण कविता बिनचूक लिहिली, पण ओळी एकाखाली एक लावल्या, तर मी वही परत करायचो. असा मी.

भरकटलो. मुद्द्यावर येतो.

त्या दिवशी जुन्या छापखान्यात तू पहिल्या भागाची छापून आलेली प्रत टेबलावर ठेवलीस, तेव्हा मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होतो. तू म्हणालीस, “मुलं पुस्तकात बघून प्रोग्राम टाइप करतायत आणि एकही चालत नाहीये. चूक पुस्तकाची, आणि ती बिचारी स्वतःलाच ढ समजतायत!” मग तू त्या मांडणी करणाऱ्या बाईंकडे वळलीस. “सगळ्या ओळी डावीकडे ओढल्यात तुम्ही. चौकटींना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?” त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दार उघडायची वाट बघावी तसं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिलो, आणि ते बंद होतं. मालकांनी तिथल्या तिथे त्या बाईंकडचं पुस्तकांचं काम काढून घेतलं आणि त्यांना पावतीपुस्तकांवर बसवलं. परतताना तू मला रिक्षात हात देऊन चढवलंस. म्हणालीस, “तुला उगाच त्रास झाला, मामा.”

खारूताई, त्या ओळी मी डावीकडे आणायला लावल्या.

तू सासूबाईंना घेऊन दवाखान्यात धावलीस आणि मंजूर झालेली शेवटची प्रत पोचवायला माझ्या हाती दिलीस. नुसती पोचवायची होती. त्याआधी कितीदा बजावलं होतंस, ‘या भाषेत ओळीआधीची मोकळी जागासुद्धा बोलते, मामा.’ मी मान डोलावत होतो आणि मनात कुठलीशी कविता म्हणत होतो. “कळलं ना?” “कळलं की! मी काय आज शाळेत बसलोय?” खरं म्हणजे त्या चौकटीतलं एक अक्षरही मला कळत नव्हतं, आणि भाचीला तसं सांगायची लाज वाटत होती.

छापखान्यात पडद्यावर त्या चौकटी पाहिल्या. एक ओळ पुढे, दुसरी आत, तिसरी आणखी आत. प्रार्थनेला वेडीवाकडी उभी राहिलेली पोरं जणू. राहवलं नाही. म्हटलं, “या सरळ रेषेत घ्या.” बाई म्हणाल्या, “आजोबा, ताईंनी असंच दिलंय. त्यांना एक फोन करू?”

इथपर्यंत सांगून थांबलो असतो, तर तू हसून माफ केलं असतंस. म्हातारा माणूस, चुकला. पण मी त्यांना म्हणालो, “फोन कशाला? ताईंनीच सांगितलंय.”

का म्हणालो? त्या मला डावलून तुला विचारायला निघाल्या, एवढंच टोचलं. शाळेत माझा शब्द शेवटचा असायचा ना.

परवा खालच्या वाचनालयातल्या संगणकावर तुझा पहिला प्रोग्राम टाइप केला, छापलाय तसाच. चालला नाही. मग दुसरी ओळ आत ढकलली. एक ते पाच आकडे एकाखाली एक येऊन उभे राहिले. पुस्तकातला पुढचा मजकूर आता समजतो: आतली ओळ वरच्या ओळीच्या ताब्यात असते, बाहेर काढली की तिला वाली उरत नाही. वही परत करणाऱ्या मास्तराला हे कळायला एवढं आयुष्य लागलं! शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, “आजोबा, जमलं?” मला मान वर करवेना.

बाड न वाचता या पत्रासोबत परत पाठवतोय. नव्या छापखान्याला एवढ्यात होकार कळवू नकोस. हे पोस्टात टाकून मी थेट जुन्या छापखान्यात जाणार आहे. मालकांना सांगेन, त्या बाईंच्या समोर, सगळे कामावर असताना. त्यांना पुस्तकं परत द्या म्हणेन. ते देतील की नाही ठाऊक नाही. तू मला पुन्हा बाड पाठवशील की नाही, तेही विचारणार नाही.

त्या दिवशी त्या गप्प का राहिल्या, याचा विचार करतोय. मी बोलेन असं वाटलं असावं त्यांना. केस पांढरे बघून.

या वेळी तुझं नाव पुढे न करता,

मामा