गडद शाईचं पाकीट

तीर्थरूप मित्सुए ताईस साष्टांग नमस्कार.

आपल्या हिमीत सोलून वाळत टांगलेली पर्सिमनची फळं आता मऊ झाली असतील. तुझे गुडघे आणि भाऊजींचं पित्त यांची चौकशी आधीच करतो, कारण पुढचं वाचून दोन्ही वाढतील.

तीस वर्षं मी धुक्यावर आणि मौनावर कादंबऱ्या लिहिल्या. त्या कोणी वाचत नाही हे प्रकाशकांनी फार आदरानं, दोनदा वाकून सांगितलं, म्हणून या खूनकथेत पडलो. (सायंदैनिकात रोज येते, तू वाचतेस हे तुझ्या फोनवरून कळलं.) पण खून काही जमेना. पस्तीस भाग झाले तरी माझी म्हातारी अंथरुणातून समुद्रच पाहत होती. शेवटी संपादिका सेगावाबाई म्हणाल्या, "सेन्सेई, समुद्र छान उतरलाय. पण आजी जाणार कधी? वाचक ताटकळलेत." छत्तिसाव्या भागात घाईघाईनं विष घातलं, तर पुरावा सापडेना.

तेव्हा पाकीट सुचलं. अंत्यविधीला पैसे घालून देतात त्या शोकाच्या पाकिटावर आपलं नाव फिकट शाईनं लिहायचं, डोळ्यांतलं पाणी शाईत मिसळलं म्हणून, हे तुला काय सांगायचं! (इथं टोकियोतल्या तरुण वाचकांना ते समजावण्यात अर्धा भाग खर्ची पडला.) माझ्या कथेत एकाच पाकिटावरचं नाव काळंभोर निघतं, म्हणजे मरणाआधीच कुणीतरी सवडीनं लिहून ठेवलेलं. तो भाग गाजला. पण मला आयुष्यात नवं माणूस कधी रचता आलं नाही. म्हातारीचं सगळं करणारी मुलगी हिमीतली, मासळीवाल्याच्या घरात दिलेली, अशी झाली आणि सगळ्यांचा संशय तिच्यावर गेला. आता बाजारात नाकादेबाई तुला विचारते, "काय गं, तुझ्या पाकिटाची शाई कसली होती?" आणि तू मला बजावलंस, "आईच्या वर्षश्राद्धाला येऊ नकोस. तिथंही वही काढून बसशील."

अकरा वर्षं आईचं तू केलंस. मला फार लाज वाटते. मला यायचं आहे, ताई.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
शुन्गो

ता. क. खुनी मुलगी नाही. टोकियोत राहणारा, कादंबऱ्या लिहिणारा मुलगा आहे. उद्याच्या भागात कळेल. सेगावाबाईंना ते पटलेलं नाही, म्हणाल्या, "इतक्या निरुपद्रवी माणसाला खुनी कोण मानेल?"

आणखी एक. आईच्या अंत्यविधीतलं ते काळ्या शाईचं पाकीट माझं होतं, हे तुला ठाऊक आहे. तू ते पाहिलंस आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ढिगाच्या तळाशी सरकवलंस. ती जाण्याआधीच्या वसंतात, एका मोकळ्या दुपारी, अक्षर बरं येत होतं म्हणून लिहून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं, आई रोज विचारते, एकदा येऊन जा म्हणून. त्याला उत्तर लिहायला मला सवड झाली नव्हती.