तुझ्या नावाची हजेरी

मु. माळवस्ती, ता. पारनेर
दि. ६ मे १९९७

चि. रंगनाथ,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत. तिकडे पुण्यात तू, गीता आणि पोरंही असालच. तू पत्र पाठवत नाहीस, म्हणून मी आपलं असंच धरून चालतो.

आज तुझी वहिनी गावच्या विहिरीवरून आली ती हसतच. "अवो, मे लागला तरी दोर सात हातच सोडावा लागतोय!" मला खरं वाटेना, स्वतः जाऊन मोजून आलो. तुझ्या लग्नात पाहुण्यांना टँकरचं पाणी पाजलं होतं, आठवतं ना? पाऊस काही वाढलेला नाही. वरच्या पाझर तलावातला गाळ सगळं गाव मिळून दर उन्हाळ्यात काढतं, एवढंच.

आता मुद्द्याचं. तीन कागद फाडले, हा चौथा.

दोन वर्षांपूर्वी गावात बोअरबंदी असताना, सगळे जत्रेत गुंतलेले पाहून तू त्या विहिरीपासून शंभर पावलांवर बोअरची गाडी आणलीस. ग्रामसभेने काम अर्ध्यावर थांबवून बोअर बुजवला. चुगली छगनने केली असं समजून तू त्याच्याशी भांडलास आणि गाव सोडलंस. रंगा, छगन नव्हता. मी सांगितलं होतं.

तुझ्या बोअरला पाणी लागलं असतं तर विहीर आटली असती आणि साठ घरं पुन्हा टँकरमागे धावली असती. सांगितल्याचा पस्तावा मला नाही. पण आधी तुझ्याशी बोललो नाही, आणि छगनवर आळ येऊ दिला, याची फार लाज वाटते. काल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला म्हाईत हुतं. तू कवा बोलतोस तेच बघत हुतो."

आणखी एक. गाळाला ठरलेल्या दिवशी घरटी एक माणूस हा नियम तुला ठाऊक आहे. एका उन्हाळ्यातही माणूस आला नाही, तर त्या घराला पाण्याच्या सभेत बोलता येत नाही. गेले दोन उन्हाळे हजेरी घेणाऱ्या बनुबाईने तुझं नाव पुकारलं की मीच 'हजर' म्हणतो. माझ्या दिवशी माझा गाळ, तुझ्या दिवशी तुझा. ती मिश्किलपणे म्हणायची, "रंगनाथाचं डोकं लई पांढरं झालंय की!" आणि पुढचं नाव घ्यायची.

यंदा माझा गुडघा सुजलाय. बनुबाईनेही बजावलं, "औंदा दोगांत एक मानूस चालायचं न्हाई."

तुझं घमेलं घासून ओट्यावर ठेवलं आहे. तुझ्यावाचून घर ओकंबोकं वाटतं रे. राग घेऊनच ये, वाटेत टाकू नकोस. मला तो ऐकायचाच आहे. पण वीस तारखेला, तुझ्या दिवशी, सकाळी तलावावर ये. यंदा तुझं नाव पुकारलं की मी गप्प राहणार आहे.

दोन उन्हाळे तुझ्या नावाने हजर राहिलेला,
तुझा दादा
आसाराम