आचारीणबाईंचा पाय

प्रिय वटवटे,

चार वर्षांत पहिल्यांदाच तुला लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार. तू फोन केलास की ती स्वयंपाकघरात जाऊन बोलते आणि मी बाहेर पेपर वाचण्याचं सोंग करतो, हे तिने तुला सांगितलंच असेल. एकदा तर तासभर एकच पान धरून बसलो होतो. तुझी बढती झाल्याचं असंच कानावर आलं. फार आनंद झाला, पण बोलून दाखवला नाही.

आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त. जगाला पाय करून देणाऱ्या नवऱ्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. माझं काम तेच आहे. उरलेल्या पायाचा प्लास्टरने साचा घ्यायचा, त्यावर प्लास्टिकची खोबण बनवायची, खाली नळी आणि पाऊल जोडायचं, मग माणसाला दोन दांड्यांच्या मधे चालवून बघायचं. आमच्या मिशनची माणसं कुठे विहिरी खणतात, कुठे निर्वासितांच्या तंबूत बाळंतपणं करतात. माझ्या वाट्याला पाय आले आणि मला ते आवडतं.

माझी पद्धत तुला माहीत आहे. पाय तयार झाला की त्यावर दोन्ही हात ठेवून मी मोठ्याने प्रार्थना करायचो, माणूस डोळे मिटून ऐकायचा, शेवटी सगळे आमेन म्हणायचे. मगच पाय द्यायचा. वीस वर्षांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एक आचारीणबाई आल्या. सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्या रोज दोनशे माणसांचं रांधायच्या. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कुबड्या घेतल्या की हात अडकतात, मग पातेलं कशाने उतरवणार? दवाखान्याने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. घरी दोन मुलं, म्हातारी सासू आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या आमच्या धर्माच्या नाहीत. आमच्याकडे येणारे बहुतेक नसतातच.

पाय झकास झाला होता. मी हात ठेवले, डोळे मिटले आणि सुरू केलं. आमेन म्हणून डोळे उघडतो तर बाई कुबड्या काखेत घेऊन उभ्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझा एक देव आहे, काका. पायासाठी तो बदलायचा नाही मला." आणि गेल्या. पाय माझ्या हातातच राहिला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी कुठे देव बदलायला सांगितला होता? चांगलं चिंतलं तर त्यातही खोट काढतात लोक. येईल नाक मुठीत धरून, असं म्हणत मी पाय फळीवर ठेवून दिला. पहिले दोन-तीन दिवस दाराकडे बघत होतो, मग बघणंही सोडलं. आठवडा गेला, बाई आल्या नाहीत. तुझ्या वेळीही मी असाच दाराकडे बघायचो. तेव्हाही वाटलं होतं की आठ-दहा दिवसांत येशील.

मग सिस्टरनी तो पाय पाहिला. या आमच्या कार्यशाळेच्या प्रमुख, माझ्या निम्म्या वयाच्या, तीन देशांत काम करून आलेल्या. मी सगळं सांगितलं, वर बाईंचीच तक्रार केली. मदतीला कसलीही अट नाही ही पाटी आमच्या दारावर आहे, नव्या लोकांना मीच ती वाचून दाखवतो. तशी मी अट घातलीच नव्हती. वीस वर्षांत कुणी नको म्हणालं नाही, असंही मी ऐकवलं. सिस्टर म्हणाल्या, "पाय तुमच्या हातात असताना नको कोण म्हणणार?"

मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पाय चादरीत गुंडाळला आणि बसने बाईंच्या घरी गेलो. दुकानामागची एक खोली. सासूने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच चुकलं म्हणालो. प्रार्थना ही माझी सवय आहे, पायाची अट नाही, असं सांगितलं. बाई लगेच विरघळल्या वगैरे नाहीत. पाय घालून पाहिला आणि खोबण टोचतेय म्हणाल्या. खरंच टोचत होती, आठवडाभरात पायाची सूज उतरून माप बदललं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कार्यशाळेत आल्या. मी खोबण घासून दिली, त्या दांड्यांच्या मधे चालल्या आणि मी हात खिशात घालून उभा राहिलो. फार जड गेलं. प्रार्थना केली, पण घरी येऊन, खोलीचं दार लावून. महिना संपायच्या आदल्या दिवशी बाई कामावर रुजू झाल्या. आता आल्या-गेल्याला मी आधी विचारतो. काही हो म्हणतात, बरेच नको म्हणतात, आणि पाय दोघांनाही सारखाच मिळतो.

पुढच्या आठवड्यात तू कामासाठी इथे येतेयस आणि हॉटेलात उतरणार आहेस, हे मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. म्हणून हे पत्र. घर सोडलंस त्या रात्री तू म्हणालीस की तुझा विश्वास उरलेला नाही, प्रार्थनेला खोटं-खोटं डोळे मिटणार नाहीस. मी तुझ्यापुढचं ताट ओढून घेतलं आणि म्हणालो, या घरात जेवायचं तर डोळे मिटायचे. पोटच्या पोरीला मी अन्नाची अट घातली. माझं चुकलं, पोरी. त्या बाईंना सांगायला मला नऊ दिवस लागले, तुला सांगायला चार वर्षं. तू घरी उतर. मी प्रार्थना करीन, तिच्याशिवाय मला घास उतरत नाही. तू डोळे उघडे ठेव, माझी वाट बघू नकोस, गरम असतानाच जेवायला लाग.

तुझाच, अजून शिकणारा
बाबा