सावडीचे सहा पाट

९ जुलै १९९८
भाताची आवणी तोंडावर आणि हात कुठे आहेत? गावातल्या बाया आपापल्या शेतात, हे पहाटेच कल्याणला कंपनीत. रोपं पिवळी पडायला लागली. शेवटी शेणव्याच्या बाजारात ठाकूरवाडीच्या चांगीला गाठलं, चौघीजणी मजुरीला या म्हटलं. ती म्हणाली, "मजुरी नको बाय. सावड घाल. आमी दोन दिस तुझ्यात, तू दोन दिस आमच्या नागलीत."
मी हो म्हणून बसले. माझं तोंड नेहमीच माझ्यापुढे धावतं.

११ जुलै
दोन दिवसांत दोन्ही खाचरं उरकली! मी एक मूठ लावेपर्यंत चांगीच्या तीन. दुपारी सासूबाईंनी, वाडीच्या म्हणून, रीतीप्रमाणे त्या चौघींना बाहेर ओट्यावर वाढलं, मला आत. चिखलात तर पाचही जणी एका ओळीत होतो.

१३ जुलै
सा.बा.: "आपल्यातली बाय वाडीच्या शेतात कदी गेली नाय. गडी पाठव, नायतर तांदूळ." विहिरीवर शेजारची शेवंती: "वाडीवर नांदायला चाललीस काय गो?" तिथे हसले, घरी येऊन रडले. हे म्हणाले, "तू ठरव." केवढे उपकार!
तांदूळ पाठवले की झाली मजुरीच. नुसत्या शब्दावर चांगीनं दोन दिवस दिले. आता तो फिरवला तर तिला तोंड कसं दाखवू?

१५ जुलै
गेले. नागलीचं शेत डोंगरउतारावर, पाय ठरेना. दोनदा घसरले, सगळ्या खदखदून हसल्या. दुपारी सवयीनं बाजूला बसून आपली भाकरी सोडली. सगळ्यांचे हात थांबले. चांगी: "आमच्या सावडीला येऊन घरचं खातंस? मंग आमी कोन?"
मनात तसं काही नव्हतं, देवाशपथ. पण ती ओट्यावर बसली होती तेव्हा मी तरी कुठे बोलले? लाज वाटली, फार.
भाकरी तिच्यापुढे सरकवली. तिनं पाच तुकडे केले, एकेक सगळ्यांच्या हातावर. मग त्यांची नागलीची भाकरी, चिंबोऱ्यांचा रस्सा. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी पुन्हा मागून घेतला.

१६ जुलै
कालपासून सा.बा. बोलत नाहीत. आज उठले तर चूल पेटलेली, तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मला दोन पुरतात, हा ढीगच्या ढीग. फडक्यात बांधून पुढ्यात ठेवला, माझ्याकडे न बघता. "कमी पडाया नको."
वाटभर डोळे पुसत गेले.

२८ ऑक्टोबर
उद्यापासून कापणी. सावड चांगीशीच. शेवंती आता विचारते, मला घेतील काय गो तुमच्यात? बघा, आणि हीच नांदायला चाललीस म्हणाली होती!
संध्याकाळी सा.बा. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "उद्या सहा पाट मांड. आत."
चौघी त्या, मी पाचवी. सहावा सा.बां.चा! तोंड आवरलं, उगाच बोलून बिघडायचं.
घरात पाट चारच. दोन शेवंतीकडून आणले. कशाला, तिनं विचारलं. सांगितलं. तिनं स्वतः पुसून दिले.
चांगी उंबरा ओलांडेल का? इतकी वर्षं बाहेर बसवलं, आता आमच्या एका हाकेवर तिनं आत का यावं? ते तिच्यावर आहे. पाट धुऊन भिंतीला उभे करून ठेवलेत.