‘प्रवासी आला नाही’ ही नोंद बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
तिकीट परतावा विभाग, विमान कंपनीचे कार्यालय,
विमानतळ इमारत, दुसरा मजला

विषय : सुरक्षेच्या शंकेमुळे सोडून दिलेल्या, परतावा न मिळणाऱ्या तिकिटाबाबत पुरावा सादर करणे.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आपले उत्तर, “शंकेस आधार काय, ते पुराव्यासह कळवावे.”

महोदय,

या प्रकारच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत हे तिकिटावरच छापलेले आहे. तरीही आपण पुरावा मागितलात, हा आपला मोठेपणा. पहिल्या अर्जात मी ‘विमानात तांत्रिक बिघाड दिसून आला’ असे ठोकून दिले होते. तसे काहीही दिसले नव्हते. खरी हकीकत खालीलप्रमाणे सादर करतो.

१. अर्जदार लिफ्ट दुरुस्तीचा कारागीर असून या कामात एकोणीस वर्षे आहे. दर महिन्याला इमारतीच्या गच्चीवरील मशीनच्या खोलीत चढायचे, लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासायचे आणि तिथे टांगलेल्या कार्डावर सही करायची, असे कामाचे स्वरूप आहे.

२. त्या दिवशी मी वेळेच्या दोन तास आधी येऊन काचेजवळ बसलो होतो. खाली विमानाच्या पंखाजवळ आपला मेकॅनिक उभा होता. त्याने खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि शेजारच्या माणसाशी गप्पा मारत चार ठिकाणी सह्या केल्या. मान एकदाही वर केली नाही. मी पिशवी उचलली आणि सरळ बाहेर पडलो.

३. आपण म्हणाल, त्याने आधी तपासले असेल. नक्कीच तपासले असेल. परंतु अशी सही मी करतो. गुडघे दुखू लागल्यापासून मी गच्चीपर्यंत जात नाही. कार्डे खाली आणून ठेवली आहेत, आणि चहा पिता पिता तीन-तीन महिन्यांच्या सह्या एकदम उरकतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. आपल्यावरून जग ओळखायला गेलो आणि एका भल्या माणसावर संशय घेतला. विमान दहा मिनिटे आधीच पोचले असे नंतर कळले. त्या मेकॅनिकची कोणतीही चौकशी करू नये, ही विनंती.

४. तिकीट माझ्या मुलीने काढले होते. तिचे पहिले बाळंतपण. जावई बोटीवर नोकरीला, तिची आई हयात नाही, त्यामुळे दवाखान्यात तिच्याजवळ मीच थांबायचे ठरले होते. घरी परतून मी तिला फोन केला आणि धुक्यामुळे विमान रद्द झाल्याचे सांगितले. धुके किती दाट होते याचेही वर्णन केले. परंतु आपली कंपनी फार तत्पर आहे. तिच्या मोबाईलवर आपला निरोप अर्ध्या तासापूर्वीच गेला होता : ‘विमान वेळेवर सुटले. प्रवासी आला नाही.’ तिने माझे धुके संपेपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, आई असती तर चालत आली असती.”

नात झाल्याचे मला तिच्या शेजारणीने कळवले. आता मी फोन केला की मुलगी बाळाचे वजन सांगते आणि फोन ठेवते. मला स्वतःची फार लाज वाटते, हे या अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहितो.

५. पुरावा म्हणून माझ्याकडील अकरा कार्डे सोबत जोडली आहेत. तपासणी न करता सही करता येते, हे त्यांवरून सिद्ध होईल. आपले पत्र आल्यावर मी अकराही खोल्यांत चढलो. एका जिन्यावर दोनदा बसावे लागले. दहा ठिकाणी सर्व ठीक निघाले. अकराव्या ठिकाणी दोराच्या तारा इतक्या तुटल्या होत्या की हात फिरवताच अंगठ्यातून रक्त आले. त्या कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात तीनदा ‘दोर उत्तम’ असे लिहिलेले आहे. सुरक्षेची माझी शंका रास्त होती. ती फक्त चुकीच्या माणसावर घेतली.

ती लिफ्ट मी त्याच दिवशी बंद केली. इमारत सात मजली आहे. रहिवासी जिना चढताना माझा उद्धार करतात, आणि मी खाली उभा राहून ऐकून घेतो. आमच्या मालकांनी सांगितले, गुपचूप दोर बदल आणि ताकास तूर लागू देऊ नकोस. मी तसे केलेले नाही.

६. सबब, पैशाची मागणी मी मागे घेत आहे. आपल्या दप्तरातील ‘प्रवासी आला नाही’ ही नोंद खोडून तेथे ‘प्रवासी आला होता, घाबरून परत गेला’ असे लिहावे. ही नोंदही लाजिरवाणीच आहे, पण ती खरी आहे. नियमात बसत नसल्यास निदान या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का मारून ती आत्ताच माझ्या हाती द्यावी. मी खिडकीसमोर उभा आहे.

आपला ओशाळलेला,
(सही : वर लिहिलेले सर्व पुन्हा वाचून केली आहे)
लिफ्ट कारागीर
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत :
१. तपासणी कार्डे, अकरा
२. तुटलेल्या दोराचा फोटो

प्रत रवाना :
१. लिफ्ट निरीक्षक, योग्य त्या कारवाईसाठी.
२. माझी मुलगी, माहितीसाठी. ही प्रत टपालाने पाठवलेली नाही. बसने एकतीस तास लागतात, शिक्का मिळताच दुपारच्या गाडीने मी स्वतः घेऊन निघणार आहे.